बदकांना वाट देणारी शर्यत

शर्यत म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर आरडाओरडा, चढाओढ आणि पहिला नंबर येतो. पण अमेरिकेतल्या सिएटल शहरात एक शर्यत अशी होते, की तिचा सर्वांत लाडका नियम बदकांसाठी आहे. उन्हाळ्यात दर मंगळवारी संध्याकाळी, लोक कामावरून सुटले की, शहरातल्या लेक युनियन या तलावात शिडाच्या बोटी जमतात. शर्यतीचं नाव 'डक डॉज', म्हणजे बदकाला चुकवणं. १९७४ पासून ती चालत आली आहे. तुमच्या बोटीमुळे एखाद्या बदकाला आपली वाट बदलावी लागली, तर तुम्ही बाद!

माझी मुलगी त्या शहरात नोकरी करते. तिच्याकडे गेलो असताना जूनमधल्या एका मंगळवारी ती म्हणाली, "अब्बा, आज तुम्हीही बोटीवर चला." बोट तिच्या एका सहकाऱ्याची, पण सुकाणू हिच्या हातात! मी चमकलोच. माझे आजोबा जयगडच्या खाडीकाठचे तांडेल. गलबतातून कौलं घेऊन मुंबईला जायचे. वडिलांनी गलबत विकून नोकरी धरली. मी बी.ए. होऊन कवितेच्या नादी लागलो. आमच्या घरातलं शीड कायमचं उतरलं, असंच मी धरून चाललो होतो.

तिथे जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो, म्हणून कामाच्या दिवशीही अशी शर्यत जमते. तलावाच्या काठाला तरंगती घरं आहेत. उत्तरेला, १९५६ साली बंद पडलेल्या गॅस कारखान्याची जुनी यंत्रं राखून केलेली बाग आहे. पाण्यावर उतरणारी छोटी विमानंही याच तलावात ये-जा करतात. एवढ्या गर्दीत शर्यत!

पंचांची बोट आणि एक बोया यांच्यामधली काल्पनिक रेघ म्हणजे सुरुवात. शिडाच्या बोटीला ब्रेक नसतो, त्यामुळे भोंगा वाजेपर्यंत सगळ्या रेघेमागे घिरट्या घालत राहतात. आधीच रेघ ओलांडली तर मागे फिरावं लागतं.

वाऱ्याच्या तोंडावर सरळ कुठलीच शिडाची बोट जात नाही. मग समोरून वारा असताना ती पुढे कशी सरकते? फुगलेलं शीड विमानाच्या पंखासारखं काम करतं. वारा बोटीला पुढेही ओढतो आणि आडवीही ढकलतो. तळाशी असलेली उभी पाती आडवं सरकणं रोखते, उरतं ते पुढे जाणं. म्हणून आधी उजवीकडे तिरकं, मग डावीकडे तिरकं, अशी नागमोडी वाट धरायची. आजोबा म्हणायचे, "वाऱ्याशी भांडू नये, त्याला तिरकं भेटावं." त्याचा अर्थ मला पन्नाशी उलटल्यावर त्या तलावात कळला.

दोन बोटी समोरासमोर आल्या तर? ज्या बोटीला वारा उजव्या अंगाने लागतो तिला हक्क, डाव्या अंगाने लागतो तिने बाजूला व्हायचं. जगभर हाच नियम आहे. इथे त्यात बदकांची भर पडली, इतकंच.

शेवटच्या टप्प्यात आमच्यापुढे दोनच बोटी होत्या. मलाही चेव चढला. एवढ्यात पुढ्यात एक बदकीण आणि मागे तिची पिल्लं. "अगं, काढ पुढे, होतील ती बाजूला!" मी ओरडलो. मुलीने शांतपणे सुकाणू फिरवलं. शीड फडफडलं, वेग गेला, आणि तीन बोटी आम्हाला मागे टाकून गेल्या.

"पंचांनी कुठे पाहिलं असतं?" मी म्हणालो.

"अब्बा, पिल्लांनी पाहिलं असतं ना."

मी गप्प झालो. वाटेत कोळ्यांची जाळी दिसली की आजोबाही असंच सुकाणू फिरवायचे. भरलेलं गलबत, मुंबईची घाई, तरी वाट वाकडी करायचे. ही गोष्ट मी तिला कधीच सांगितली नव्हती.

शर्यत संपली की बोटी एकमेकींना बांधून सगळे गप्पा मारत बसतात. जिंकणाऱ्यांना बक्षीस काय, तर बदकाचं चित्र असलेला स्टिकर. पहिल्याला सोनेरी, दुसऱ्याला रुपेरी, तिसऱ्याला तपकिरी. आम्हाला काहीच मिळालं नाही. त्या रात्री मी मुलीला आजोबांच्या गलबताविषयी सांगत बसलो. बरंच सांगायचं राहून गेलं होतं.

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)