विमानाने रेघ सोडून का उडावे?

अंधेरी-मरोळ भागात राहणाऱ्या माणसाला विमानाचे कौतुक उरत नाही. ते डोक्यावरून गेले की बोलणे क्षणभर थांबवायचे आणि पुन्हा सुरू करायचे, एवढाच आमचा त्याच्याशी संबंध. पण विमानतळावरच्या कामगारांत संघटनेचे काम करता करता मला प्रश्न पडला की, हेच विमान पुढे अरबी समुद्रावर गेले म्हणजे वाट कशी ओळखते? माझी शाळा लवकर सुटली. जे कळले ते चार जाणत्यांना विचारून आणि रात्री वाचून कळले. तेवढेच आपल्यापुढे मांडतो.

आकाशात रस्ते असतात, म्हणजे नकाशावर आखलेल्या रेघा असतात. बोरिवलीहून चर्चगेटला जाणाऱ्या गाडीचा रूळ वेगळा आणि परतणाऱ्या गाडीचा वेगळा. आकाशात मात्र पुष्कळदा जाणारा आणि येणारा एकाच रेघेवरून जातात. फरक ठेवायचा तो उंचीचा. २९,००० ते ४१,००० फुटांच्या पट्ट्यात हा फरक पूर्वी दोन हजार फूट असे. २७ नोव्हेंबर २००३ पासून आपल्याकडे तो एक हजार फुटांवर आला. हजार फूट म्हणजे सुमारे तीनशे मीटर.

आता यातली मौज पाहा. उपग्रह नव्हते तेव्हा समुद्रावरचे विमान स्वतःच्या हालचालींचा हिशेब ठेवणाऱ्या यंत्रावर चाले, आणि तो हिशेब तासाला मैल-दीड मैल सहज चुके. त्यामुळे एका रेघेवरची विमाने प्रत्यक्षात इकडेतिकडे पांगलेली असत. ती चूकच होती, पण तिच्या पोटात संरक्षण होते. पुढे उपग्रह आले. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर ते फिरतात, प्रत्येकात अणुघड्याळ असते. संदेश निघाला केव्हा आणि पोचला केव्हा यावरून अंतर निघते. चार उपग्रहांचे अंतर कळले की विमानाची जागा काही मीटरांच्या फरकाने सापडते. मोठ्या जंबो विमानाचे पंखच साठ मीटरांच्या वर पसरलेले असतात! म्हणजे दोन विमाने आज एकमेकांच्या अगदी डोक्यावरून जातात. कोणी आकडा चुकीचा ऐकला, कोणी चुकीचा लावला, तर नशिबावर सोडायला बाजूला जागाच राहिली नाही.

२९ सप्टेंबर २००६ रोजी ब्राझीलमध्ये हेच घडले. मानाउसहून ब्राझिलियाकडे निघालेले प्रवासी बोइंग आणि समोरून येणारे एक लहान जेट, दोघेही ३७,००० फुटांवर, दोघेही त्याच रेघेवर. लहान विमानाच्या पंखाचे टोक मोठ्याच्या डाव्या पंखाला लागले. मोठ्यातले १५४ जण गेले. लहान विमान कसेबसे उतरले. चुका अनेकांच्या आणि अनेक होत्या. पण दोन्ही विमाने रेघेपासून शंभर मीटर जरी सरकलेली असती तरी पंखाला पंख लागला नसता.

उपाय साधा आहे. वैमानिकाने यंत्राला सांगायचे की, आखलेल्या रेघेच्या उजव्या हाताला इतक्या अंतरावर समांतर रेघ धर. यंत्र ती रेघ स्वतः आखते, वळणे आली तर तीही सरकवून घेते, आणि विमान हळूच तिच्यावर जाऊन बसते. अंतर जास्तीत जास्त दोन सागरी मैल. एक सागरी मैल म्हणजे १८५२ मीटर. त्या दोन मैलांत मैलाच्या एकदशांशाच्या पायरीने कोणतेही अंतर निवडता येते. सगळ्यांनी एकच मैल धरला तर तिथेही नवी रांग लागायची, म्हणून ही बारीक पायरी.

उजवीकडेच का? चाळीच्या अरुंद बोळात दोघे समोरासमोर आले आणि एक डावीकडे, एक उजवीकडे झाला, की दोघे पुन्हा समोरासमोरच. पूर्वेला जाणाऱ्याची उजवी बाजू दक्षिण, पश्चिमेला जाणाऱ्याची उत्तर. दोघे एकेक मैल सरकले तर मधे दोन मैल पडतात.

दुसरे कारण वाऱ्याचे आहे, आणि ते आपल्या दारचे आहे. ७ जानेवारी २०१७ रोजी अरबी समुद्रावर, मुंबईच्या ताब्यातल्या हवाई क्षेत्रात, मालेहून अबू धाबीला जाणारे नऊ माणसांचे एक लहान जेट ३४,००० फुटांवर होते. समोरून त्याच्या हजार फूट वरून एअरबस ए-३८० गेले. उंचीचा नियम दोघांनीही पाळलेला. पण अजस्र विमानाच्या पंखांच्या टोकांपासून हवेचे भोवरे सुटतात आणि सावकाश खाली उतरतात. लहान विमान त्यांत सापडले, काही वेळा उलटेपालटे झाले आणि सुमारे नऊ हजार फूट खाली आले. आतली माणसे जखमी झाली. मस्कतला उतरले, पण ते विमान दुरुस्त होण्यासारखे राहिले नाही. वारा आडवा असला तर भोवरा बाजूच्या रेघेवरही वाहत येतो. म्हणून वारा पाहूनच किती सरकायचे ते ठरवावे लागते.

हे ठरवणार कोण? वैमानिक. आणि तसे केल्याचे नियंत्रकाला कळवण्याचेही त्याला बंधन नाही. मला हा नियम फार आवडला. आमच्या चौकश्यांत चुकलेल्या माणसाचे नाव सापडले की फाईल बंद होते. इथे माणूस चुकणारच असे आधी धरले आहे, आणि त्या चुकीला पुरेल एवढी जागा ठेवून दिली आहे. उणीव एवढीच की हे ऐच्छिक आहे. समोरच्याने रेघ सोडली नाही तर अंतर निम्मेच पडते.

ही मुभा सर्वत्र नाही. किनाऱ्याजवळ रडार असते, विमानांची दाटी असते, आणि नियंत्रक ज्या रेघेवर विमान धरून चाललेला असतो तिथेच ते असावे लागते. रडारची नजर किनाऱ्यापासून सुमारे दोन-अडीचशे सागरी मैलांवर संपते. म्हणून आखातातून येणारा वैमानिक समुद्रावर घेतलेली ही सवलत किनारा जवळ आला की मोडतो, विमान रेघेवर परत आणतो, आणि मग ते आमच्या मरोळच्या डोक्यावरून जाते.