गोळीनेच दुखतंय का डोकं?

लंच हुकलेला, एसी थेट मानेवर, डेडलाइन डोक्यावर... आणि दुपारी चारला कपाळात ठणठण सुरू! मग काय, ड्रॉवरमधली पट्टी काढायची, एक गोळी घ्यायची, वर कटिंग मारायचा की गाडी पुन्हा रुळावर. हे इतकं रुटीन झालंय की डोकेदुखीला आपण आजार मानतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार मात्र २०२१मध्ये जगातल्या सुमारे ४० टक्के लोकांना डोकेदुखीचा काही ना काही विकार होता. तेव्हा जरा सीरियसली घ्या!

दुखतं ते काय?

गंमत म्हणजे खुद्द मेंदूला वेदना कळतच नाही. दुखतात त्या त्याच्या भोवतीची आवरणं, रक्तवाहिन्या आणि मान-डोक्याचे स्नायू. सर्वांत कॉमन ती टेन्शन टाइप डोकेदुखी. डोक्याला घट्ट पट्टा आवळल्यासारखं वाटतं, तेही दोन्ही बाजूंनी. वैताग येतो, पण काम रेटता येतं.

मायग्रेनचं, म्हणजे आजीच्या भाषेतल्या अर्धशिशीचं, तसं नाही. बहुतेकदा एका बाजूला ठणका, मळमळ, उजेड आणि आवाज नकोसा. जिना चढला तरी दुखणं वाढतं. उपचार न केल्यास हा प्रकार ४ ते ७२ तास चालतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांना त्याचा त्रास जास्त.

‘माझं पित्ताचं डोकं आहे’

हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. उलटी झाली की बरं वाटतं, म्हणजे पित्तच, असा हिशेब. खरं तर मळमळ आणि उलटी हा मायग्रेनचाच भाग असू शकतो. ‘सायनस आहे’ म्हणणाऱ्यांपैकीही अनेकांना प्रत्यक्षात मायग्रेन असतं. त्यामुळे वर्षानुवर्षं अॅसिडिटीची औषधं घेतली जातात आणि दुखणं तिथंच राहतं.

गोळीचा सापळा

आधीच डोकेदुखी असणाऱ्याने साधी पेनकिलर महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस, किंवा कॅफीन वगैरे मिसळलेली कॉम्बिनेशन गोळी १० किंवा जास्त दिवस, अशी तीन महिन्यांहून अधिक काळ घेतली, तर गोळीमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. गोळी उतरली की दुखतं, दुखलं की पुन्हा गोळी! ती बंद केल्यावर सुरुवातीचे काही दिवस त्रास वाढतो, म्हणून हे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करा. वारंवार अॅटॅक येत असतील, तर ते टाळण्यासाठी रोज घ्यायची वेगळी औषधंही असतात. त्याबद्दल जरूर विचारा.

एवढं करून बघा

• मोबाइलमध्ये डोकेदुखीची डायरी ठेवा. तारीख, वेळ, खाणं, झोप, पाळी, गोळी. महिनाभरात पॅटर्न दिसेल.
• वीकेंडलाही झोपेची वेळ फार बदलू नका.
• जेवण चुकवू नका. मायग्रेन असेल तर कडक उपासही जपूनच.
• रोजचे चार-पाच कप चहा-कॉफी एकदम बंद केली तरी डोकं दुखतं. हळूहळू कमी करा.
• स्क्रीन डोळ्यांच्या पातळीवर ठेवा, अर्ध्या तासाने उठा, मान मोकळी करा.

थांबू नका!

क्षणार्धात उठलेली, आजवर कधीच झाली नाही इतकी भयंकर डोकेदुखी. सोबत ताप आणि मान ताठ. हातापायातली ताकद जाणं, बोलणं अडखळणं. डोक्याला मार लागल्यानंतरचं दुखणं, यापैकी काहीही असेल तर गोळी नको, थेट हॉस्पिटल गाठा. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखीही तपासून घ्यायलाच हवी.

आता एक छोटा होमवर्क. ड्रॉवर उघडा आणि गेल्या महिन्यात किती दिवस गोळी घेतली ते आठवा. आकडा दोन अंकी निघाला, तर पुढची पट्टी विकत घेण्याआधी डॉक्टरची अपॉइंटमेंट घ्या.