रूट कॅनलमधले सीलर आणि जंतू: गैरसमज व वस्तुस्थिती

रूट कॅनलमध्ये दाताच्या मुळातली नळी साफ करून कायमची भरतात. भरणीचा गाभा म्हणजे गटा-पर्चाच्या बारीक गुलाबी काड्या. काडी आणि नळीची भिंत यांच्यात उरणारी फट ज्या पातळ सिमेंटने बुजवतात, ते सीलर.

गैरसमज: नळीतले जंतू सीलर मारते.
वस्तुस्थिती: जंतू प्रामुख्याने कमी होतात ते फाइल या बारीक अवजाराने नळी घासताना आणि सोडियम हायपोक्लोराइटने धुताना. फाइल सगळीकडे पोहोचत नाही. वरच्या दाढांच्या 2001 मधील सूक्ष्म सीटी अभ्यासात नळीच्या आतला 35 टक्के किंवा त्याहून अधिक पृष्ठभाग फाइलने अस्पर्शित राहिल्याचे दिसले. म्हणूनच धुणे महत्त्वाचे. त्यातूनही वाचलेल्या जंतूंना आतच कोंडून त्यांचे पोषण तोडणे, हे सीलरचे मुख्य काम.

गैरसमज: सीलरचा जंतुनाशक गुण कायम टिकतो.
वस्तुस्थिती: तो सर्वाधिक असतो सीलर ओले असताना. झिंक ऑक्साइड-युजेनॉल सीलरमध्ये लवंगेच्या तेलातले युजेनॉल जंतूंना मारते. झिंकशी बांधले गेले की मोकळे युजेनॉल कमी उरते. एपॉक्सी रेझिनचे सीलर घट्ट झाल्यावर जवळपास निष्प्रभ होते. कॅल्शियम सिलिकेटचे, म्हणजे बायोसिरॅमिक सीलर ओलाव्यात कॅल्शियम हायड्रॉक्साइड तयार करते आणि पीएच 11 च्या आसपास किंवा वर नेते. हा परिणाम काही दिवस टिकतो, नंतर ओसरतो.

गैरसमज: इतक्या अल्कधर्मी माऱ्यापुढे एकही जंतू तगत नाही.
वस्तुस्थिती: फसलेल्या रूट कॅनलमध्ये वारंवार सापडणारा एंटरोकॉकस फिकॅलिस बाहेरून प्रोटॉन आत ओढून आपल्या पेशीचा पीएच सांभाळतो. दातातल्या डेंटिनच्या नलिका सुमारे 1 ते 2.5 मायक्रॉन रुंद असतात. त्यांत हा जंतू सहज शिरतो. शिवाय डेंटिन स्वतःच अल्काची धार बोथट करते, त्यामुळे खोलवर पीएच तितका चढत नाही.

गैरसमज: प्रयोगशाळेत ज्याचे वर्तुळ मोठे, ते सीलर सरस.
वस्तुस्थिती: जंतू वाढवण्यासाठीच्या आगरच्या बशीत सीलरभोवती जंतू न वाढलेले वर्तुळ दिसते. पदार्थ जितका विरघळून पसरतो, तितके ते मोठे. नळीत मात्र विरघळणे हा दोष ठरतो, कारण त्याने फटी पडतात. आयएसओ 6876 या मानकात सीलरची विद्राव्यता 3 टक्क्यांच्या आत हवी. बशीतले सुटे जंतू आणि दातावर थर करून चिकटलेले जंतू यांच्या चिवटपणातही मोठा फरक असतो.

गैरसमज: नळी भरली की कॅपची घाई नको.
वस्तुस्थिती: सीलरसह भरलेल्या, पण वरून उघड्या ठेवलेल्या नळ्यांवर 1990 मध्ये एक प्रयोग झाला. निम्म्याहून अधिक नळ्यांमधून एका जातीचे जंतू 19 दिवसांत, तर दुसऱ्या जातीचे 42 दिवसांत मुळाच्या टोकापर्यंत पोहोचले. नळीचे तोंड झाकणारे तात्पुरते सिमेंट झिजण्याआधी पक्के फिलिंग आणि गरजेनुसार कॅप बसली, तरच आतले सील टिकते.