अमेरिकी बोली : उच्चार, शब्द आणि लेखनातील 'बोलीपणा'

अमेरिकी इंग्रजी म्हटले की चित्रपटांतून आणि वृत्तवाहिन्यांवरून कानी पडणारी एकसाची भाषा आपल्यापुढे उभी राहते. चतुर या साध्या कीटकाचे नाव विचारले तरी हा समज टिकत नाही. उत्तरेकडे त्याला 'डार्निंग नीडल' म्हणजे रफूची सुई म्हणत; दक्षिणेत कोठे तो 'मस्किटो हॉक', डासांचा ससाणा, तर कोठे 'स्नेक डॉक्टर', चक्क सर्पवैद्य. लांबट पावाचे सँडविच फिलाडेल्फियात 'होगी', न्यूयॉर्कमध्ये 'हीरो' आणि न्यू इंग्लंडमध्ये 'ग्राइंडर' होते.

अशा शब्दांची नोंद घेण्यासाठी फ्रेडरिक कॅसिडी यांच्या संपादकत्वाखाली 'डिक्शनरी ऑफ अमेरिकन रीजनल इंग्लिश' हा कोश सिद्ध झाला. १९६५ ते १९७० या काळात क्षेत्र-अभ्यासक १००२ वस्त्यांत फिरले. पहिला खंड १९८५ मध्ये, तर वर्णक्रमातील अखेरचा २०१२ मध्ये निघाला. कॅसिडी २००० मध्येच निवर्तले होते. ग्रियर्सन यांच्या सर्वेक्षणात उधळ्या पुत्राची कथा बोलीबोलींत उतरवून घेतली गेली. येथे आर्थर नावाच्या उंदराची गोष्ट माहितगारांकडून वाचवून घेऊन ध्वनिमुद्रित करण्यात आली. पहिल्या पद्धतीत रूपे हाती लागतात, दुसरीत उच्चार.

उच्चाराला चिकटलेली प्रतिष्ठा विल्यम लबॉव्ह यांनी १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या तीन दुकानांत तपासली. 'चौथा मजला' हेच उत्तर यावे असा प्रश्न ते विक्रेत्यांना विचारीत. 'फोर्थ फ्लोअर' या शब्दांतील रकार सर्वांत महागड्या दुकानात अधिक ऐकू आला, सर्वांत स्वस्त दुकानात कमी. गंमत अशी, की न्यूयॉर्कमध्ये कमी दर्जाचा ठरलेला हा रकारलोप लंडनच्या शिष्ट इंग्रजीत मात्र प्रतिष्ठित आहे. म्हणजे दोष ध्वनीत नाही, ऐकणाऱ्याच्या कानात आहे.

साहित्याच्या अभ्यासकाचा खरा प्रश्न येथे सुरू होतो. मार्क ट्वेन यांनी 'हकलबरी फिन'च्या आरंभी आपण अनेक बोली जाणीवपूर्वक वापरल्याचे सांगितले. पण अनेक लेखकांच्या 'बोली'त उच्चारभेद नसतोच. 'सेज' किंवा 'वॉज' या शब्दांचे हिज्जे ते मोडतात; उच्चार मात्र सुशिक्षिताचा असतो तोच राहतो. जॉर्ज फिलिप क्रॅप यांनी १९२५ मध्ये यास 'आय डायलेक्ट', म्हणजे डोळ्यांची बोली, असे नाव दिले. पात्र अडाणी आहे एवढेच ती वाचकाच्या कानात कुजबुजते. झोरा नील हर्स्टन यांच्या १९३७ च्या 'देअर आईज वेअर वॉचिंग गॉड'वर रिचर्ड राइट यांनी त्याच वर्षी टीका केली. गोऱ्यांच्या करमणुकीसाठी कृष्णवर्णीयांची सोंगे आणणाऱ्या तमाशांची परंपरा त्यांना तीत दिसली. हर्स्टन स्वतः फ्लोरिडातील ईटनव्हिल या कृष्णवर्णीयांच्या गावी वाढलेल्या आणि मानववंशशास्त्राच्या अभ्यासक होत्या. प्रस्तुत लेखकास राइट यांचा आक्षेप पुरता पटत नाही. मात्र तो उद्भवला यात नवल नाही, कारण हिज्जे मोडण्याची रीत आधीच बदनाम झाली होती.

मराठी अनुवादकापुढे अडचण वेगळीच आहे. देवनागरी बव्हंशी उच्चारानुसारी असल्याने आपल्याकडे डोळ्यांची बोली जवळजवळ संभवत नाही. फार तर ऱ्हस्व-दीर्घाची चूक दाखवता येते. मराठीत 'व्हतं' लिहिले की उच्चारही बदलतो आणि पात्राला एक प्रदेश चिकटतो. मुळात जेथे केवळ उपहास होता, तेथे अनुवादात गाव येते.