पत्र पोचले, बाई का आली नाही?

इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने १९८८ साली स्तनांच्या कर्करोगासाठी मोफत तपासणी सुरू केली. पन्नाशीपासून एकाहत्तरीपर्यंत दर तीन वर्षांनी स्त्रीच्या घरी बोलावण्याचे पत्र येते. दोन तक्त्यांमध्ये स्तन काही क्षण दाबून धरतात व क्ष-किरणांनी छायाचित्र घेतात. हाताला न लागणारी गाठही त्यात दिसू शकते. गाठ लहान असतानाच सापडली, तर जीव वाचण्याची आशा मोठी. सोय अशी चोख; तरी भारत, पाकिस्तान व बांगलादेश येथून तिकडे गेलेल्या कुटुंबांतील पुष्कळ स्त्रिया तपासणीस येत नाहीत, असे आढळून आले.

‘बायका अडाणी, लाजाळू,’ हे उत्तर सोपे आहे. म्हणूनच ते तपासून घेतले पाहिजे. लंडनच्या ग्रनविक कारखान्यात १९७६ ते १९७८ अशी जवळजवळ दोन वर्षे जयाबेन देसाई आणि त्यांच्या भगिनींनी संप लढवला. त्या काही मुक्या बाहुल्या नव्हत्या. मग अडते कोठे? पत्र इंग्रजीत असले की ते मुलगा किंवा सून वाचते. आणि असली गोष्ट मुलाच्या तोंडून ऐकताना आईला संकोच वाटतो. परक्या पुरुषापुढे कपडे उतरावे लागतील, ही धास्ती असते. वास्तविक छायाचित्र घेणाऱ्या स्त्रियाच असतात. पण ते तिला सांगितले कोणी? शिवाय ‘मला दुखतखुपत नाही, मग दवाखाना कशाला?’ हा प्रश्न आहेच. दुखण्यापूर्वी पाहायचे, हाच या तपासणीचा अर्थ.

लंडनच्या न्यूहॅम भागात एक प्रयोग झाला. त्याचा अहवाल १९९७ साली प्रसिद्ध झाला. डॉक्टरांच्या दवाखान्यात नावे नोंदवणाऱ्या नोकरवर्गाला दोन तासांचे शिक्षण देऊन, न आलेल्या स्त्रियांशी संपर्क साधायला सांगितले. एरवी शंभरात ४ आल्या. येथे ९ आल्या. भारतीय स्त्रियांत हाच फरक ५ विरुद्ध १९ असा पडला. आकडे लहान आहेत; पण संघटनेचे काम केलेल्या माणसाला ते ओळखीचे वाटतील. नुसत्या पत्रकाने सभा भरत नाही. ओळखीच्या माणसाने विचारावे लागते.

आपल्या मुंबईतही टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांवर अभ्यास केला. वस्तीत जाऊन, शिकवून तयार केलेल्या स्त्री-कार्यकर्त्यांनी हातानेच तपासणी केली. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या रोगाचे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी घटले, असे २०२१ साली प्रसिद्ध झाले.

मात्र भीती घालून कोणास नेऊ नये. इंग्लंडात तपासलेल्या शंभरांपैकी सुमारे चौघींना पुन्हा बोलावतात. त्यांतील एकीलाच कर्करोग निघतो. कधी आयुष्यभर त्रास न देणारी गाठही सापडते आणि तिच्यावर उपचार होतात. हे सारे ऐकून बाईने नकार दिला, तर तो तिचा हक्क. न कळल्यामुळे राहून जाणे मात्र हक्क नव्हे. तो आपला सर्वांचा आळस होय.

श्रोत्यांपैकी कोणाची बहीण, मावशी वा नणंद लेस्टरला, लंडनला असेल. पुढच्या खेपेस दूरध्वनीवर बोलताना विचारा: पत्र आले का? तपासणारी बाईच असते, दुभाषी मागता येतो आणि वेळ सोयीची नसेल तर बदलून मिळते, एवढे तिला सांगा.