पोर्ट्रेटसाठी स्वस्तातली प्राइम लेन्स घ्यायचीय? आधी कॅमेऱ्याची बॉडी बघा

कॅमेऱ्यासोबत आलेल्या १८-५५ किट लेन्सने फोटो काढला की मागची भिंत, दोरीवरचे कपडे सगळंच स्पष्ट दिसतं आणि चेहरा काही उठून दिसत नाही. मग शोध सुरू होतो प्राइम लेन्सचा, म्हणजे झूम न होणाऱ्या, एकाच फोकल लेंथच्या लेन्सचा.

स्वस्तात पहिलं नाव येतं ५० एमएम एफ/१.८ चं. किट लेन्स ५५ एमएमवर एफ/५.६ पर्यंतच उघडते. त्या तुलनेत एफ/१.८ वर जवळपास दहापट प्रकाश आत येतो, बॅकग्राउंडही छान ब्लर होतं.

क्रॉप सेन्सरवर ही लेन्स ७५ ते ८० एमएमसारखी फ्रेम देते. पोर्ट्रेटला अगदी योग्य. छोट्या खोलीत मात्र मागे सरकायला जागा पुरत नाही. म्हणून ३५ एमएम घेतली, तर चेहऱ्याच्या क्लोजअपसाठी जवळ जावं लागतं आणि नाक मोठं दिसतं. दोष लेन्सचा नाही, अंतराचा.

खरी फसगत होते सेकंडहँड खरेदीत. निकॉनची जुनी ५० एमएम एफ/१.८ डी स्वस्त मिळते, पण डी३५००, डी५६०० यांसारख्या बॉडीत फोकस मोटर नसल्याने तिचा ऑटोफोकस चालतच नाही. हाताने रिंग फिरवत धावत्या पोराचा फोटो काढून बघा! अशा बॉडीसाठी एएफ-एस ५० एमएम एफ/१.८ जी घ्यावी. कॅननच्या ईएफ ५० एमएममध्ये मोटर असतेच, त्यामुळे त्यांच्या डीएसएलआरवर ही अडचण येत नाही.

आणि हो, एफ/१.८ वर जवळून काढलेल्या फोटोत एक डोळा शार्प, दुसरा ब्लर येऊ शकतो. तेव्हा एफ/२.८ वर यावं.