सगळं यंत्र रनरमध्ये

शिवणसाहित्याच्या दुकानात चेन दोन तऱ्हेने मिळते. एक तयार, रनर आणि स्टॉपर लावलेली, ठराविक इंचांच्या मापात. दुसरी रोलमधली. मीटरवर कापून घ्यायची, नुसती कापडी पट्टी आणि दाते. रनर वेगळे, मोजून पुडीत बांधलेले. पर्स, पाऊच, उशांचे अभ्रे शिवणाऱ्या बायका आणि बॅगवाले रोलच घेतात. हवी तेवढीच कापता येते, उरलेला तुकडा पुढच्या पाऊचला चालतो, आणि लाल चेनला पितळी रनर लावायची हौसही भागते.

रनर मात्र चेनच्या जातीचाच हवा. 3 नंबर नाजूक, 5 नंबर पर्सला, 8 आणि 10 नंबर बॅगांना. हा नंबर म्हणजे बंद दात्यांची साधारण मिलिमीटरमधली रुंदी. पण 5 नंबरच्या मेटल चेनचा रनर 5 नंबरच्या नायलॉन चेनला नीट बसत नाही. नंबर जुळला म्हणून दुकानातून निघू नये, तिथेच चढवून बघावा.

रनर हातात घेऊन निरखला तर एका बाजूला दोन तोंडं दिसतात, दुसऱ्या बाजूला एकच, आणि दोन तोंडांच्या मधोमध एक बारीक पाचर. एक तोंडाची बाजू पुढे सरकली की पाचर दाते फाकवते. दोन तोंडांची बाजू पुढे गेली की तिरक्या भिंती दोन्ही रांगांना अशा कोनात जवळ आणतात की दात्यात दाता अडकतो. दाते म्हणजे नुसते रूळ. इंजिन म्हणजे हा रनरच.

म्हणून बंद चेनवर रनर चढवताना एक तोंडाची बाजू पुढे धरायची. टोकाशी इंचभर चेन हाताने फाकवायची, पाचरीच्या दोन्ही अंगांनी एकेक पट्टी सारायची, दोन तोंडांतून बाहेर आलेली टोकं धरून रनर ओढायचा. पुढची चेन गुंतलेलीच असल्याने दोन्ही पट्ट्या आपोआप समान राहतात. बॅगेला दोन रनर लागतात, तिथे खरी गंमत आहे. पहिला असाच चढवून पार दुसऱ्या टोकाजवळ न्यायचा. दुसरा पहिला जिथून चढवला त्या टोकाकडून, पण आता दोन तोंडं पुढे करून. चेन उघडीच आहे, ती याच्या मागे मिटत जाते आणि दोघे समोरासमोर येऊन भिडतात. इथे मात्र पट्ट्यांची टोकं अगदी बरोबरीने शिरली पाहिजेत. एक दाता पुढेमागे झाला तरी बंद चेनला लाट येते आणि इस्त्रीने ती जात नाही. मग काढा आणि पुन्हा चढवा. शेवटी दोन्ही टोकांना दात्यांवरून मजबूत आडवे टाके घातले की स्टॉपरची गरज उरत नाही.

इतकी साधी गोष्ट जमायला बराच काळ गेला. व्हिटकोम्ब जडसन या अमेरिकनाने 1893 मध्ये आकड्या-फाशांच्या बंदाचं पेटंट घेतलं. ते बंद ऐन वेळी उघडायचे. स्वीडनहून अमेरिकेत गेलेल्या गिडियन संडबॅकने 1913 च्या सुमारास आकडे टाकून दिले आणि एका बाजूला उंचवटा, दुसऱ्या बाजूला खोलगट असे दाते केले, इंचाला चारऐवजी दहा-अकरा. 1917 मध्ये त्याला पेटंट मिळालं. दुरुस्तीवाल्याकडे येणाऱ्या मेटल चेनचे दाते आजही त्याच घडणीचे असतात. नायलॉन चेनमध्ये सुटे दाते नसतातच. एकच जाड धागा वेटोळी घेत पट्टीवर शिवलेला असतो.

‘चेन खराब झाली’ असं सांगत माणसं जी बॅग आणतात, तिची चेन बहुतेक वेळा धडधाकट असते. रनर सरकतो, पण मागून चेन उघडते, कारण वापरून वापरून त्याचे वरचे-खालचे पत्रे एकमेकांपासून सैलावलेले असतात. एक तोंडाच्या बाजूला दोन्ही कडा पकडीने अलगद दाबल्या की काही महिने निभावतं. जोर केला तर ओतीव धातू तडकतो. मग नवा रनर. त्यासाठी अख्खी चेन उसवणारा कारागीर आळशी तरी असावा, नाहीतर त्याला बिल वाढवायचं असावं. मेटल चेनचा मधलाच दाता पडला असेल तर गोष्ट वेगळी. तिथे रनर बदलून भागत नाही. चेनच बदलावी लागते.